सुटका आणि वाचन : न्यायालयापुढे आलेल्या काही मराठी-उर्दू साहित्यकृतींचा विचार

प्रास्ताविक

सौसर-पांढुर्णा भागात भाषा शिकवणाऱ्या अध्यापकाला एकाच वेळी तीन भाषांत वावरावे लागते. विद्यार्थ्यांच्या घरी मराठी, कचेरीत आणि कोर्टात हिंदी, आणि त्या कोर्टाच्या हिंदीच्या पोटात अरबी-फारसी शब्दांचा जुना साठा. आमची वर्तमानपत्रे नागपूरची, पण आमचे उच्च न्यायालय जबलपूरचे. या ओढाताणीचा एक छोटा अनुभव प्रस्तुत लेखाला निमित्त झाला.

काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या तासाला हिंदी बातमीचा एक उतारा दिला होता. त्यातील एका वाक्याचा आशय असा, की न्यायालयाने मुलजिमाला बरी केले. एका विद्यार्थिनीने मराठीत लिहिले, ‘कोर्टाने आरोपीला बरे केले.’ वर्ग हसला. मीही हसलो आणि चूक दुरुस्त केली. परंतु घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. अरबीतून उर्दूत आलेला ‘बरी’ म्हणजे दायित्वातून मोकळा झालेला. मराठीतला ‘बरा’ म्हणजे दुखण्यातून उठलेला. कोर्टाने मोकळा केलेला माणूस दुखण्यातून उठलेला असतोच का, हा प्रश्न त्या मुलीने नकळत विचारला होता.

हाच प्रश्न साहित्यकृतीच्या बाबतीत विचारावा, असे वाटते. कविता किंवा कथा फौजदारी आरोपात सापडते आणि पुढे तो आरोप रद्द होतो. त्या वेळी नेमके कोण सुटते? लेखक, प्रकाशक, की ती कृती? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे, की अशी सुटका दोन वेगवेगळ्या वाटांनी मिळते. एक वाट माफीची, विलंबाची, तांत्रिक कारणाची. या वाटेने माणूस सुटतो, कृती मात्र संशयाखालीच राहते. दुसरी वाट वाचनाची. न्यायालय कृती समग्र वाचते, ती काय म्हणते ते नोंदवते आणि मग आरोप टिकत नाही असे सांगते. या वाटेने कृतीही मोकळी होते. मराठी आणि उर्दूतील काही उदाहरणांवरून हा भेद तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

सुटकेचे शब्द

उदाहरणांकडे वळण्यापूर्वी शब्दांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण आपल्या बोलण्यात सर्व प्रकारच्या सुटका एकाच शब्दात कोंबल्या जातात.

पोलिसांच्या पातळीवर प्रकरण बंद होते तेव्हा महाराष्ट्रात ‘अ समरी’, ‘ब समरी’, ‘क समरी’ असे म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ, फिर्याद खोटी व खोडसाळ असेल तर ब, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर क. आमच्याकडे मध्य प्रदेशात याच टप्प्यावर ‘खात्मा’ आणि ‘खारिजी’ हे शब्द आहेत. मराठी कानाला ‘खात्मा’ हा शब्द भयंकर वाटतो. आपल्याविरुद्धच्या प्रकरणाचा ‘खात्मा’ लागला हे ऐकून घाबरलेली मराठी माणसे मी पाहिली आहेत. खरे तर ती त्यांच्या दृष्टीने चांगली बातमी असते.

न्यायालयाच्या पातळीवर दोषारोप ठेवण्यापूर्वीच पुराव्यात दम नाही असे दिसले, तर आरोपीला सोडले जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र खटल्यांसाठी कलम २२७ आणि पोलीस अहवालावरून दंडाधिकाऱ्यापुढे चालणाऱ्या वॉरंट खटल्यांसाठी कलम २३९ ही तरतूद करीत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती अनुक्रमे कलम २५० व २६२ मध्ये आहे. हिंदीत याला ‘उन्मोचन’ म्हणतात. मराठीत ‘विनादोषारोप सोडणे’ असा जड पण अचूक शब्दप्रयोग आहे. सरकारी अभियोक्त्याने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेणे ही तिसरी तऱ्हा (पूर्वीचे कलम ३२१, आताचे ३६०). उच्च न्यायालयाने आपल्या अंगभूत अधिकारात कार्यवाहीच रद्द करणे ही चौथी (पूर्वीचे ४८२, आताचे ५२८). आणि पूर्ण खटला चालून मिळते ती ‘दोषमुक्ती’.

यातील दोन गोष्टी भाषेच्या अध्यापकाने विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की विनादोषारोप सुटका ही कायद्याच्या दृष्टीने दोषमुक्ती नव्हे. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवू नये या नियमाच्या स्पष्टीकरणातच (पूर्वीचे कलम ३००, आताचे ३३७) तसे म्हटले आहे. पुढे नवा पुरावा आला तर दार पुन्हा उघडू शकते. दुसरी गोष्ट अशी, की आरोपीला असे सोडताना न्यायाधीशाने कारणे नोंदवली पाहिजेत, असे कायदा सांगतो. कारणे नोंदवायची म्हणजे समोरचा कागद वाचणे आले.

आपल्या समाजात ‘बाइज्जत बरी’ हा शब्दप्रयोग फार प्रिय आहे. त्यामागची वेदना समजण्यासारखी आहे. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झालेल्या ९ मुस्लिम आरोपींना मुंबईच्या विशेष न्यायालयाने २५ एप्रिल २०१६ रोजी आरोपमुक्त केले. तोवर जवळपास दहा वर्षे गेली होती आणि त्या नऊजणांतील एक हयातही नव्हता. अशा वेळी घरच्यांना केवळ ‘बरी’ पुरत नाही, इज्जत परत हवी असते. परंतु फौजदारी प्रक्रिया संहितेला ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा प्रकार ठाऊक नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये एका पोलीस कर्मचाऱ्याच्या सेवाविषयक प्रकरणात स्पष्ट केले आहे. इज्जत द्यायची असेल तर ती निकालपत्रातील कारणांतूनच मिळते. माणसाच्या बाबतीत जे खरे, ते कवितेच्या बाबतीतही खरे आहे.

कथा वाचली गेली : १९६९

उर्दूत या विषयाचा आरंभ बहुतेक जण इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’पासून करतात. १९४२ मध्ये ‘अदब-ए-लतीफ’मध्ये आलेल्या या कथेवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला झाला. कथेतील नेमका कोणता शब्द अश्लील आहे हे साक्षीदारांना धड दाखवता आले नाही आणि प्रकरण निकाली निघाले. इस्मत यांनी आत्मकथनात या खटल्याची हकिकत मोठ्या मिश्किलपणे सांगितली आहे. तथापि येथे सुटका झाली ती शब्द न सापडल्यामुळे. शब्द शोधणे आणि कथा वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. ‘लिहाफ’चे सारे सामर्थ्य न उच्चारलेल्या शब्दांत आहे, ही गोष्ट त्या शोधाच्या आवाक्याबाहेर होती.

मराठीत याहून वेगळे उदाहरण चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेचे आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती प्रसिद्ध झाली. पुण्यात फिर्याद दाखल झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड ठोठावला. रक्कम किरकोळ असली तरी लेखकाच्या नावावर गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला.

हा दोषमुक्तीचा निकाल आहे, विनादोषारोप सुटकेचा नव्हे. तरीही आपल्या विषयासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण न्यायमूर्तींनी कथा संपूर्ण विचारात घेतली. इंग्रजी अनुवादाच्या साहाय्याने त्यांनी कथानक उलगडले, आक्षेप घेतलेले उतारे एकेक करून पाहिले आणि मग ते उतारे पुन्हा कथेच्या ओघात ठेवून पाहिले. कथा फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, पण म्हणून ती अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय आहे.

येथे समीक्षेच्या दृष्टीने एक मोलाची गोष्ट घडली. कृतीची गुणवत्ता आणि कृतीचा गुन्हा हे दोन प्रश्न वेगळे केले गेले. साधारण कथेलाही निर्दोष असण्याचा अधिकार आहे. आपण वर्गात पुष्कळदा उलट करतो. ‘श्रेष्ठ साहित्य आहे म्हणून त्याला माफ’ असा युक्तिवाद करतो आणि दुय्यम लेखकाला वाऱ्यावर सोडतो. १९६९ च्या निकालाने त्या दुय्यम म्हटल्या गेलेल्या लेखकालाही वाचकाचे पूर्ण लक्ष दिले. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन साहित्य, कला, विज्ञान व विद्या यांच्या हितासाठी झालेल्या प्रकाशनाला अपवाद मिळाला.

‘गांधी मला भेटला’ : अर्धवट सुटका

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात पोस्टरच्या रूपाने वाचकांपुढे आली होती. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या ‘बुलेटिन’ या नियतकालिकाच्या जुलै-ऑगस्ट १९९४ च्या अंकात ती पुन्हा छापली गेली. हे नियतकालिक केवळ सभासदांसाठी होते. पुण्यात तक्रार झाली. तपासानंतर लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कवी, प्रकाशक आणि मुद्रक यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. आरोप दोन जातींचे होते : गटागटांत वैर पसरवण्याचा (कलम १५३-अ व १५३-ब) आणि अश्लीलतेचा (कलम २९२).

४ मे २००१ रोजी दंडाधिकाऱ्यांनी वैर पसरवण्याच्या आरोपातून सर्वांना मुक्त केले, पण अश्लीलतेचा आरोप कायम ठेवला. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय यांनी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अखेर १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. प्रकाशकाने खटला उभा राहण्यापूर्वीच बिनशर्त माफी मागितली होती आणि दोन दशके उलटून गेली होती, हे पाहून न्यायालयाने प्रकाशक व मुद्रक यांच्यावरील दोषारोप रद्द केला. कवीवरचा आरोप मात्र राहिला. आपला बचाव त्याने खालच्या न्यायालयातच मांडावा, असे ठरले.

एकच कविता, एकच अंक, तीन आरोपी. दोघे सुटले, तिसरा राहिला. त्या दोघांना दिलासा मिळाला याचा कोणाही सहृदय माणसाला आनंदच होईल. परंतु कारणाकडे पाहावे. प्रकाशनाचा गुन्हा असेल तर तो छापल्याक्षणी पूर्ण होतो आणि नंतरच्या माफीने तो पुसला जात नाही. गुन्हा नसेल तर माफीची गरजच नाही. म्हणजे माफीमुळे झालेली सुटका माणसावर दया करते, पण कवितेविषयी काहीच बोलत नाही. उलट माफी मागितली त्या अर्थी काहीतरी चुकलेच असावे, अशी छाया कवितेवर अधिक गडद होते. ज्याने माफी मागितली नाही तो कवी त्या छायेत एकटा उभा राहतो.

न्यायालयाने या निकालात एक निकषही मांडला. इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा तिच्याविषयी अश्लील शब्द वापरले असतील, तर समकालीन समाजमानसाची कसोटी अधिक काटेकोरपणे लावली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. या निकषाची मर्यादा पाहण्यासाठी कविता वाचावी लागते. ते वाचन आपण उर्दूच्या परंपरेतून करून पाहू.

शहर-आशोब म्हणून एक वाचन

उर्दू शिकवणाऱ्यांना ‘शहर-आशोब’ हा काव्यप्रकार परिचित आहे. अठराव्या शतकात दिल्लीची वाताहत होत असताना मिर्झा रफी सौदा यांनी तो बहरास आणला. पुढे नझीर अकबराबादी यांनी आग्र्यावर लिहिले. या प्रकाराची काही ठळक लक्षणे सांगता येतात. कवी शहरभर फिरतो. प्रत्येक थर, प्रत्येक पेशा त्याला भेटतो आणि प्रत्येकाची दुर्दशा तो सांगतो. भाषा दरबारी राहत नाही, बाजारात उतरते. उपहास तिखट असतो, प्रसंगी शिवराळही होतो. आणि त्या उपहासाच्या तळाशी शोक असतो. ‘हज्व’ म्हणजे एखाद्या व्यक्तीची निंदा करणारी कविता. तीत आणि शहर-आशोबात हाच मुख्य फरक आहे. हज्वमध्ये कवी एकाला लक्ष्य करतो, शहर-आशोबात सारे शहरच आजारी असते.

‘गांधी मला भेटला’ या कवितेची रचना या दृष्टीने पाहावी. निवेदकाला गांधी एकदा भेटत नाही, पुन्हा पुन्हा भेटतो. ठिकाण बदलते, संगत बदलते, आणि ज्या ठिकाणी ज्यांच्या संगतीत तो भेटतो, त्यांची बोली, त्यांचे ढोंग, त्यांचा हव्यास त्याला चिकटलेला असतो. या कवितेत फिरत असलेला गांधी हा १८६९ साली पोरबंदरला जन्मलेला माणूस नाही. आपण नोटेवर छापलेले, चौकात उभे केलेले, भाषणात वापरलेले ते नाव आहे. ते ज्या हातात गेले त्या हाताचा मळ त्याला लागला आहे. शिवराळ शब्द शहराचा आहे, नाव गांधीचे आहे. या दोहोंतील अंतरात कवितेचा शोक आहे. हे अंतर वाचकाला दिसले नाही तर कविता हज्व वाटते, दिसले तर शहर-आशोब.

मराठी परंपरेतही याला पूर्वसूरी आहेत. संत एकनाथांनी भारुडांत जोहार घालणारा, वेडी, फकीर अशी नाना सोंगे घेतली आणि हलक्या मानलेल्या तोंडांतून थोर गोष्ट सांगितली. गुर्जरांनी सोंग उलटे केले आहे. थोर मानलेल्या तोंडातून आपलीच हलकी गोष्ट ऐकवली आहे. सोंग दोन्हीकडे सोंगच असते. भारुडातील ‘वेडी’चे बोलणे एकनाथांच्या नावावर लावून त्यांना कोणी जाब विचारीत नाही, कारण सोंगाची रीत श्रोत्यांना ठाऊक असते. वाचनाची रीत ठाऊक असणे हे येथे निर्णायक ठरते.

हे वाचन एकमेव नाही. कविता कित्येक ठिकाणी केवळ धक्का देण्यासाठी शब्द वापरते, असा आक्षेप रास्तपणे घेता येईल. पुनरावृत्तीमुळे तिची धार मध्येच बोथट होते, असेही प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु हे समीक्षेचे आक्षेप आहेत. ‘श्यामा’च्या बाबतीत जी विभागणी केली गेली ती येथेही लागू व्हायला हवी : कविता सदोष असू शकते आणि तरीही निर्दोष असू शकते.

नज्म वाचली गेली : २०२५

दहा वर्षांनी एका उर्दू नज्मचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. शायर आणि महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले सदस्य इम्रान प्रतापगढी यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या एका चित्रफितीत पार्श्वभूमीला ही नज्म ऐकू येत होती. ३ जानेवारी २०२५ रोजी गुजरातमधील जामनगर येथे त्यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. गटागटांत वैर पसरवण्याचा आरोप त्यात होता. गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. २८ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने गुन्ह्याची नोंदच रद्द केली.

या निकालात न्यायालयाने नज्मचा अनुवाद समोर ठेवला आणि ती काय सांगते ते स्वतःच्या शब्दांत नोंदवले. नज्म कोणत्याही धर्माचे, जातीचे किंवा भाषेचे नाव घेत नाही. अन्यायाला प्रेमाने सामोरे जाण्याविषयी ती बोलते. रक्त, तलवार, सिंहासन ही प्रतिमासृष्टी उर्दू प्रतिकारकाव्यात शतकानुशतके वावरत आलेली आहे. ती प्रतिमा म्हणून वाचायची असते. पोलिसांच्या पंचनाम्यासारखी ती वाचली तर अर्धा उर्दू दीवान गुन्ह्याच्या नोंदीत जाईल. या नज्मचा बाज मुशायऱ्याचा आहे, टाळीची जागा राखून लिहिलेला आहे. तिची वाङ्मयीन उंची फार आहे असे म्हणवत नाही. तिला ते सिद्ध करावे लागले नाही, हेच महत्त्वाचे.

न्यायालयाने आणखी एक दंडक सांगितला. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची जी मुभा नव्या संहितेच्या कलम १७३(३) ने दिली आहे, ती शब्दांवरून होणाऱ्या अशा तक्रारींत वापरणे उचित ठरेल. म्हणजे वाचनाची जबाबदारी पोलीस ठाण्याच्या पायरीपासूनच सुरू होते. शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर, विवेकी, धीट माणसाचे मन मापदंड म्हणून घ्यावे. प्रत्येक विरोधी उद्गारात धोका शोधणाऱ्या दुबळ्या मनाचे माप लावू नये.

या मापदंडाचे मूळ आमच्या परिसरातील वाचकांना जवळचे वाटेल. न्या. व्हिव्हियन बोस यांनी ते नागपूर उच्च न्यायालयात ‘भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार’ या प्रकरणात घालून दिले. १९४७ च्या निकालसंग्रहात ते छापलेले आहे. त्या काळी छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातील सौसर-पांढुर्णा, याच नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही जबलपूरकडे गेलो. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. मधल्या काळात ते वाक्य मात्र देशभर फिरले. १९८८ मध्ये ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेविरुद्धची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने ते उद्धृत केले आणि २०२५ मध्ये एका उर्दू नज्मला त्याने वाचवले. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले पाहिजे, की मोठ्या न्यायालयांत चालणारी ही चर्चा परक्या मुलखातली नाही.

दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की समीक्षा करणे हे न्यायालयाचे काम नाही, मग वाचनाची अपेक्षा का धरावी? याचे उत्तर असे, की गुणवत्तेचा निवाडा आणि अर्थाचे आकलन या वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीखत वाचल्यावाचून जमिनीचा निवाडा होत नाही. कविता वाचल्यावाचून कवितेचा कसा व्हावा? श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये, पण ती काय म्हणते ते ठरवल्याखेरीज पुढे जाताच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या समाजावर द्वेषाच्या शब्दांचा मारा होत असतो, त्याने शब्दांच्या सुटकेची बाजू का घ्यावी? समग्र वाचनाचा आग्रह धरला तर द्वेष पसरवणाराही ‘मी रूपकात बोललो’ म्हणून निसटणार नाही का? ही भीती खोटी नाही. परंतु समग्र वाचन दोन्ही बाजूंनी कापते. ते रूपकाला रूपक म्हणून ओळखते, आणि रूपकाच्या आड एखाद्या समाजाला ठरवून केलेले लक्ष्यही ओळखते. तुटक वाचन मात्र दोघांनाही ओळखत नाही. त्यामुळे ते ज्याची ओरड मोठी त्याच्या बाजूने झुकते. संख्येने लहान आणि भाषेने अनोळखी असलेल्यांना तुटक वाचन अधिक महाग पडते, कारण त्यांची भाषा ठाण्यातही थोड्यांना कळते आणि न्यायालयातही अनुवादातूनच पोहोचते.

आपल्यातील दोष येथे मान्य केला पाहिजे. अर्धा उतारा वाचून एखाद्या पुस्तकावर बंदीची मागणी करणाऱ्या निवेदनांवर आपणही सह्या केल्या आहेत. मीही तरुणपणी एकदा केली होती. पुस्तक मी वाचले नव्हते. मुलजिम आणि मुजरिम यांतील फरक उर्दूने इतक्या काटेकोरपणे जपला आहे, आणि तो वर्गात शिकवणारा माणूस बाहेर येऊन न वाचलेल्या पुस्तकाला मुजरिम ठरवतो, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

एक : साहित्यकृतीवरील आरोप रद्द होणे ही एकच घटना नाही. शब्द न सापडल्याने, माफीने, विलंबाने आणि वाचनाने अशा चार वेगळ्या कारणांनी ती घडते. शेवटच्या प्रकारातच कृती खऱ्या अर्थाने मोकळी होते.

दोन : कृतीची गुणवत्ता आणि तिचे निर्दोषत्व यांची गल्लत करू नये. १९६९ ची कथा आणि २०२५ ची नज्म यांना श्रेष्ठत्व सिद्ध न करता न्याय मिळाला. २०१५ मध्ये मात्र कवितेचे वाचन पुढच्या टप्प्यावर ढकलले गेले आणि माफी मागणारे व न मागणारा अशी आरोपींची विभागणी झाली.

तीन : न्यायालयात कृती पुष्कळदा अनुवादातून पोहोचते. म्हणून अनुवादक हा येथे मुका साक्षीदार असतो. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारे, शिवाय कोर्टाची हिंदी समजणारे विद्यार्थी आमच्या सीमाभागात तयार होऊ शकतात. ही या भागाची उणीव नसून पुंजी आहे.

अध्यापक मित्रांना एक नम्र सूचना. भाषेच्या तासाला वर्षातून एकदा तरी एखादे निकालपत्र आणि ज्या कृतीवर ते दिले गेले ती कृती, दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. विद्यार्थ्यांना विचारावे : न्यायाधीशाने कृतीचा आशय कोणत्या परिच्छेदात सांगितला आहे? तो कृतीशी जुळतो का? न जुळल्यास नेमके काय सुटले? याला वेगळा अभ्यासक्रम लागत नाही, दोन तास पुरतात.

त्या विद्यार्थिनीची वही मी तेव्हा लाल शाईने दुरुस्त केली होती. आज ती वही पुढ्यात आली तर वाक्य चूकच म्हणेन, कारण ‘बरी केले’चा अनुवाद ‘निर्दोष सोडले’ असाच होतो. पण समासात एक ओळ वाढवीन : ‘तू लिहिलेस तसे व्हायला हवे.’